खापरावरचे नाव

एखाद्या गोष्टीचा दोष दुसऱ्याच्या माथी मारला गेला की मराठीत आपण म्हणतो, त्याच्या डोक्यावर खापर फोडले. हा वाक्प्रचार वापरताना प्रत्यक्ष खापर कोणाच्याच डोळ्यांसमोर येत नाही. 'घटस्फोट' या शब्दाचेही तसेच झाले आहे. आज तो विवाहविच्छेदापुरता उरला असला, तरी धर्मशास्त्रात घटस्फोट म्हणजे पतित ठरलेल्या माणसाला ज्ञातीबाहेर घालवण्याचा विधी. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात त्याचे वर्णन आहे: नातेवाईक जमतात, दासी पाण्याने भरलेला घडा पायाने लवंडते आणि तो माणूस जिवंत असूनही त्यांच्यापुरता मेलेला ठरतो.

इ.स.पू. पाचव्या शतकातल्या अथेन्समध्येही माणसाला बाहेर घालवण्यासाठी मातीचे भांडेच कामी येत असे. मात्र तिथे त्याचा विधी नव्हता, मतदान होते. ग्रीक भाषेत खापराला 'ऑस्ट्राकॉन' म्हणतात, त्यावरून या पद्धतीला 'ऑस्ट्रासिझम' हे नाव पडले. आपल्या शब्दांशी तिचा काही ऐतिहासिक संबंध नाही. फुटलेले मडके कोणत्याही घरी सापडते आणि फुकट मिळते, एवढेच त्यांतले साम्य.

परंतु खापर समजून घ्यायचे तर आधी मडके समजून घ्यायला हवे. ग्रीकांची कला, त्यांचे युद्ध आणि त्यांचे रोजचे जगणे यांवर आपण सहसा तीन स्वतंत्र प्रकरणे वाचतो. अथेन्सच्या कुंभाराने मात्र ही तिन्ही एकाच भांड्यावर आणून ठेवली होती.

कुंभारवाड्याचे नाव केरामाइकॉस. 'सिरॅमिक' हा शब्द ज्या ग्रीक शब्दापासून आला, त्याच कुळातले हे नाव. शहराची तटबंदी या वस्तीतूनच गेली होती. तटाच्या आत कारागिरांची घरे आणि आवे, तर तटाबाहेर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना स्मशान. लढाईत पडलेल्यांच्या अस्थी सरकारी इतमामाने इथेच पुरत. पेरिक्लीसने युद्धातील मृतांसाठी केलेले भाषण थ्युसिडिडीसमुळे जगप्रसिद्ध झाले. तेही याच परिसरातले.

अथेन्सच्या मातीत लोहाचे प्रमाण भरपूर, त्यामुळे ती भाजली की तांबूस-नारिंगी होते. या भांड्यांवरचा चकचकीत काळा रंग मात्र रंग नव्हेच. तीच माती पाण्यात कालवून, निवळवून तिचा सर्वांत बारीक गाळ काढत आणि तो कुंचल्याने भांड्यावर लावत. लावताना काळे-तांबडे असे काही दिसतच नसे. चित्रकार जवळजवळ एकाच रंगावर त्याच रंगाने चित्र काढत असे. खरी किमया आव्यात होई. आधी हवा खेळती ठेवून भाजले की सगळे भांडे तांबडे होई. मग झरोके बंद करून, ओले लाकूड घालून धूर कोंडला की सगळे काळे पडे. या टप्प्यात उष्णता नऊशे अंशांच्या वर गेली की बारीक गाळाचा थर काचेसारखा घट्ट होऊन बसे. शेवटी पुन्हा हवा आत सोडत. सच्छिद्र माती ती शोषून परत तांबडी होई आणि घट्ट झालेला थर काळाच राही. एकाच भाजणीत हे तिन्ही टप्पे साधावे लागत. वेळ थोडी चुकली की महिन्याची मेहनत वाया. हे तंत्र पुढे इतके विसरले गेले की त्याचा नीट उलगडा थेओडोर शुमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने थेट १९४२ च्या सुमारास केला. आव्यातली हवा राखून रंग साधण्याची कल्पना आपल्याकडेही होती. विदर्भातील महापाषाणीय दफनांत सापडणारी काळी-तांबडी भांडी त्याची साक्ष देतात. मात्र त्यांवर अशी चित्रे नाहीत.

सुरुवातीला आकृत्या काळ्या असत आणि त्यांतले बारकावे टोकदार हत्याराने कोरून काढत. इ.स.पू. ५२५ च्या सुमारास कोणाला तरी उलटे करण्याची युक्ती सुचली: पार्श्वभूमी काळी भरायची आणि आकृती मातीच्या रंगात मोकळी सोडायची. त्यामुळे कोरण्याऐवजी कुंचल्याने रेघ ओढता येऊ लागली आणि शरीरे वळू-वाकू लागली.

काळ्या आकृत्यांच्या काळातला थोर कलावंत एक्झेकियस. त्याचा एक मोठा कुंभ आज व्हॅटिकनच्या संग्रहात आहे. ट्रॉयच्या युद्धातले दोन महावीर, अकिलीस आणि अजॅक्स, पटावर वाकून फासे खेळत आहेत. हा प्रसंग 'इलियड'मध्ये नाही. दोघांच्या अंगावर चिलखते आहेत, भाले हातातच आहेत. अकिलीसने शिरस्त्राणही उतरवलेले नाही, अजॅक्सचे मागे ढालीवर ठेवले आहे. अकिलीसच्या तोंडातून अक्षरे बाहेर पडतात, 'तेसारा', म्हणजे चार. अजॅक्सच्या तोंडून 'त्रिया', तीन. एवढाच संवाद. कथा ठाऊक असलेल्या ग्रीक माणसाला पुढचे सांगावे लागत नसे: अकिलीस मरणार, त्याचा देह अजॅक्सच खांद्यावरून आणणार आणि त्याच्या शस्त्रांवरून मानभंग झाल्यावर स्वतःच्या तलवारीवर पडून जीव देणार. एक्झेकियसने तेही रंगवले आहे. एकटा अजॅक्स ओणवा होऊन मातीत तलवार रोवतो आहे, असे ते चित्र. मारण्या-मरण्याचा क्षण दोन्ही चित्रांत नाही. त्याच्या आधीची शांतता आहे, आणि माझ्या मते ग्रीक चित्रकलेने युद्धाविषयी यापेक्षा खरे फारसे काही सांगितलेले नाही.

फासे खेळणाऱ्यांच्या या कुंभावर एक्झेकियसने सही केली आहे: त्याने 'मला' घडवले आणि रंगवले. बोलणारे भांडे आहे, प्रथमपुरुषी. ग्रीक लिपीच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांपैकी एक, इ.स.पू. ७४० च्या सुमाराचा, अशाच एका सुरईवर आहे. सर्वांत हलक्या पावलांनी नाचणाऱ्याला ती बक्षीस म्हणून मिळायची होती. लेखनकला घरांत शिरली ती अशी, मद्याच्या आणि नाचाच्या भांड्यांवरून.

म्युनिकमध्ये असलेल्या एका कुंभावर युथिमिडीस नावाच्या चित्रकाराने एका बाजूला हेक्टरला चिलखत चढवताना दाखवले आहे. वडील काहीतरी समजावत आहेत, आई शिरस्त्राण आणि भाला घेऊन उभी आहे. कुंभ फिरवला की दुसऱ्या बाजूला तिघे मद्यपी झोकांड्या देत नाचत आहेत आणि शेजारी लिहिले आहे की, असे काही युफ्रोनियसला कधी जमले नाही! युफ्रोनियस हा त्याच्याच वेळचा मोठा चित्रकार. दोन दुकानांतली ही ईर्षा अडीच हजार वर्षे टिकून राहिली आहे.

पण ही भांडी वापरणारे कोण होते? चित्रे आवडणारे कोणी रसिक मंडळ नव्हे. अथेन्सचा मध्यम स्थितीतला नागरिक स्वतःच्या खर्चाने ढाल, भाला आणि शिरस्त्राण घेऊन लढायला जात असे. ढाल सुमारे तीन फूट व्यासाची. ती स्वतःचे डावे अंग झाके आणि डाव्या हाताच्या सोबत्याचे उजवे. त्यामुळे रांग मोडली की शेजारी उघडा पडे. असा माणूस संध्याकाळी मित्रांकडे मद्यपानाला बसला की त्याच्या हातात कधी कधी सोसियस कुंभाराच्या प्याल्यासारखा प्याला येई. आज तो बर्लिनला आहे. तो रिकामा करत आणला की तळाशी चित्र दिसते: पॅट्रोक्लसच्या दंडाला बाण लागला आहे, अकिलीस वाकून पट्टी बांधतो आहे. जखमी मित्राने तोंड फिरवले आहे आणि त्याचे दात दिसत आहेत. लाल मद्य ओसरते तसतशी ही वेदना वर येते. पिणाऱ्यांपैकी कोणी ना कोणी अशी पट्टी बांधलेली असणारच.

तरीही ही चित्रे म्हणजे युद्धाचा वृत्तान्त नव्हे. अथेन्सच्या भांड्यांवर बहुधा एकास एक झुंज दिसते, रांगेची लढाई क्वचितच. इ.स.पू. ४८० मध्ये सालमिसला इराणी आरमार ज्यांनी हरवले ते वल्हेकरीही या चित्रांत जवळजवळ नाहीत. एकेका युद्धनौकेवर असे १७० गरीब हात असत. पुढे सिसिलीच्या मोहिमेत अशा माणसाला दिवसाला एक द्राख्मा मिळत असे. (हेच नाणे नावाने 'द्रम्म' होऊन शिलाहारांच्या शिलालेखांत येते आणि 'दाम' होऊन आपल्या तोंडी.)

घरातल्या बाईच्या वाट्याला आलेले युद्ध वेगळ्या भांड्यांवर आहे. मृतासाठी तेल वाहण्याच्या उभट बुधल्या असत. त्यांच्या पांढऱ्या अंगावर नाजूक रेषांत निरोप रंगवलेला असे: तरुण शस्त्रे घेऊन उभा, समोर बसलेली बायको. यांतल्या काही बुधल्यांच्या आत आणखी एक लहानशी कुपी बसवलेली सापडते. बाहेरून भरलेली दिसावी, पण तेल थोडेच लागावे म्हणून. शोक खरा होता, पण तेलही महाग होते.

आता खापराकडे. दरवर्षी लोकसभेत विचारले जाई, यंदा कोणाला हद्दपार करायचे आहे का? बहुमत झाले तर काही आठवड्यांनी भर चौकात कुंपण घालून मतदान होई. प्रत्येकाने खापरावर एक नाव कोरून आणायचे. किमान ६००० खापरे जमली पाहिजेत. ज्याचे नाव सर्वाधिक, त्याने दहा दिवसांत शहर सोडायचे, दहा वर्षांसाठी. आरोप नाही, खटला नाही, बचावाचे भाषण नाही. मालमत्ता मात्र त्याचीच राही. पहिला प्रयोग इ.स.पू. ४८७ चा. हेतू असा की कोणी एकजण इतका मोठा होऊ नये की हुकूमशहा बनेल.

केरामाइकॉसच्या उत्खननात १९६० च्या दशकात अशी साडेआठ हजारांहून अधिक खापरे मिळाली. ती वाचताना शिक्षकाचा हात लाल शाईकडे वळेल. थेमिस्टोक्लीस हा सालमिसचा विजेता, पण त्याचे नाव कित्येकांनी 'त' च्या जागी पुन्हा 'थ' घालून लिहिले आहे. लोक बोलत तसे लिहीत होते. कोणी नावापुढे टोमणा जोडला आहे: किमोनने बहिणीला घेऊन चालते व्हावे, मेगाक्लीस घोड्यांवर पैसे उधळतो. कॅलियस नावाच्या एकाला, ज्याचा ग्रंथांत जवळजवळ मागमूस नाही, 'इराणी' म्हटले आहे आणि एका खापराच्या पाठीवर इराणी पोशाखातला तिरंदाज काढून दाखवला आहे. युद्धाच्या सावटात फितुरीचा संशय किती सहज लिहिला जातो! अरिस्टीडीसची गोष्ट प्लुटार्कने बऱ्याच शतकांनंतर सांगितली, तेव्हा ती जपूनच घ्यावी: एका निरक्षर खेडुताने त्यालाच न ओळखता खापर पुढे केले आणि अरिस्टीडीसचे नाव लिहून मागितले. कारण काय, तर त्याला सगळीकडे 'न्यायी' म्हटलेले ऐकून कंटाळा आला होता. त्याने लिहून दिले. दोन वर्षांत इराणी चालून आले, तेव्हा हद्दपार माणसांना घाईने परत बोलवावे लागले. त्यांत अरिस्टीडीस होता आणि पेरिक्लीसचा बाप झँथिपसही. पुढच्या वर्षी एकाने प्लाटाइयाला अथेन्सची फौज नेली, दुसऱ्याने मिकालीला आरमार.

हे नाव कोरण्याचा अधिकार कोणाला होता? स्त्रियांना नाही, गुलामांना नाही, बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांनाही नाही. भांड्यांवर सही करणाऱ्यांत लिडॉस, म्हणजे 'लिडियाचा', स्किथीस, म्हणजे 'सिथियाचा', ॲमॅसिस, हे तर इजिप्तच्या राजाचे नाव, अशी नावे भेटतात. यांतले बरेचजण परके किंवा परक्यांच्या पोटचे असावेत, असे अभ्यासक मानतात. अशा कारागिराला अख्ख्या कुंभावर आपले नाव लिहिता येई. तोच कुंभ फुटल्यावर त्याच्या तुकड्यावर दुसऱ्या कोणाचे नाव लिहिणे त्याच्या हाती नव्हते.

१९३७ मध्ये अ‍ॅक्रोपोलिसच्या उत्तर उतारावर एका जुन्या विहिरीत ऑस्कर ब्रोनीर यांना १९० खापरे सापडली. सगळ्यांवर नाव एकच, थेमिस्टोक्लीस. अक्षरे तपासली तेव्हा ती जेमतेम चौदा हातांची निघाली. म्हणजे विरोधकांनी बसून आगाऊ लिहून ठेवली होती, मतदाराच्या हातात आयती द्यायला. वापरली गेली नाहीत म्हणून विहिरीत गेली. आणि निवडलेली खापरेही ओबडधोबड नव्हेत. बरीचशी मद्याच्या प्याल्यांची बुडे आहेत, गोल, सारख्या आकाराची, लिहायला सोयीची.