मोहीम (युद्धखेळ)

मोहीम हा लघुप्रतिमांच्या, म्हणजे सैनिकांच्या छोट्या प्रतिकृतींच्या, साहाय्याने खेळल्या जाणाऱ्या ऐतिहासिक युद्धखेळाचा दीर्घ प्रकार आहे. सुट्या लढाईचा डाव एका बैठकीत संपतो. मोहिमेत मात्र कूच, रसद, ऋतुमान, तह आणि लढाया यांची साखळी काही मित्र मिळून अनेक आठवडे, क्वचित वर्षानुवर्षे चालवितात. लढाई मेजावर होते, मोहीम नकाशावर.

उगम

चतुरंग या प्राचीन भारतीय खेळात सेनेची चारही अंगे होती. पण त्याच्या पटाला भूगोल नव्हता. ती उणीव प्रशियात भरून निघाली. राइसविट्झ यांनी १८१२ साली राजे तिसरे फ्रीडरिख विल्हेल्म यांच्यासाठी भूप्रदेश दाखविणारे युद्धखेळाचे मेज तयार केले. त्यांच्या मुलाने १८२४ मध्ये नियम प्रसिद्ध केले. त्यांत १:८००० प्रमाणाचा नकाशा, फासे आणि निःपक्ष पंच होता. प्रशियाच्या सैन्याने तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी स्वीकारला. छंद म्हणून या खेळाला लोकप्रियता देणारे 'लिटल वॉर्स' हे एच. जी. वेल्स यांचे पुस्तक १९१३ सालचे आहे.

महाराष्ट्रात, विशेषतः पश्चिम भागात, दिवाळीत मुले माती-दगडांचे किल्ले करतात आणि त्यांवर मावळ्यांची मातीची चित्रे मांडतात. लघुप्रतिमा आणि भूप्रदेश या दोन्ही गोष्टी येथे असतात. प्रतिपक्ष व नियम तेवढे नसतात. त्यामुळे ती युद्धखेळाची शाखा ठरत नाही, पण जवळची नातलग निश्चितच आहे.

स्वरूप

मोहिमेचा खरा सूत्रधार पंच असतो. प्रत्येक खेळाडू आपले हुकूम चिठ्ठीवर लिहून त्याच्याकडे देतो. सर्व सैन्यांची खरी ठिकाणे दाखविणारा मुख्य नकाशा फक्त पंचाजवळ राहतो. शत्रू कोठे आहे हे खेळाडूला हेरांच्या बातमीवरूनच कळते, आणि ती बातमी जुनी किंवा चुकीचीही असू शकते. दोन सैन्ये समोरासमोर आली की तो प्रदेश मेजावर मांडतात. सामान्यतः एक प्रतिमा वीस किंवा त्याहून अधिक सैनिकांचे प्रतिनिधित्व करते.

सुट्या डावात शेवटच्या फेरीत खेळाडू उरलेले सैन्य बेफिकिरीने झोकून देतो, कारण उद्याची चिंता नसते. मोहिमेत आज पडलेले घोडदळ पुढच्या लढाईत नसते. म्हणून माघार घेणे हा नामुष्कीचा नव्हे, तर हिशेबाचा विषय होतो. मोहीम बहुधा मोडते ती पराभवाने नव्हे, तर हुकमाच्या चिठ्ठ्या वेळेवर न आल्याने. अनुभवी पंच यासाठीच नकाशा लहान व खेळाडू मोजके ठेवतात.

खानदेशाचे उदाहरण

आजचे जळगाव व धुळे जिल्हे हा मोहिमेसाठी उत्तम नकाशा आहे. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याची रांग आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी. पावसाळ्यात तापीचे उतार बंद होतात आणि काळ्या जमिनीत तोफांचे गाडे रुततात. पंचाने ऋतूचा नियम केला नाही तर हा प्रदेश नुसता कागद राहतो. धान्य वाहणारे वंजाऱ्यांचे तांडे कोणाच्या ताब्यात आहेत, हेही नोंदवावे लागते.

नियमांची कसोटी लागते ती वेढ्यांत. ऐतिहासिक खानदेशातील, आज मध्य प्रदेशात असलेला, असीरगड अकबराने जानेवारी १६०१ मध्ये घेतला. गडावरील रोगराईमुळे तो पडला असे मोगल वृत्तांत सांगतात. जेझुइट वृत्तांत लाचेवर भर देतात. पंचाला यांपैकी एक कारण नियमात उतरवावे लागते, किंवा दोन्ही फाशांवर सोपवावी लागतात.

थाळनेर (ता. शिरपूर) याहून अवघड आहे. जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकरांचा येथील मुलूख इंग्रजांकडे गेला. तरी तापीकाठच्या या किल्ल्याचा किल्लेदार तुळशीराम मामा याने किल्ला दिला नाही. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी सर थॉमस हिस्लॉप याच्या फौजेने हल्ला केला. बोलणी चालू असताना आतील दरवाजाशी गोंधळ माजला आणि आत शिरलेले इंग्रज अधिकारी मारले गेले. त्यानंतर किल्ल्यातील अरब शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदाराला फाशी देण्यात आली. या फाशीवर १८१९ साली ब्रिटिश संसदेतही टीका झाली.

मेजावर हा प्रसंग तटाची उंची, तोफांचा पल्ला आणि शिबंदीचे संख्याबळ एवढ्यानेच मांडला, तर थाळनेर काही तासांत पडते आणि डाव संपतो. हुकूम किल्लेदारापर्यंत पोहोचला होता का, दरवाजातील शब्द कोणाला कसे कळले, हे प्रश्न त्यात उरतच नाहीत. यावर उपाय म्हणून पंच बोलणी स्वतंत्र चिठ्ठ्यांनी, तीही उशिरा पोहोचणाऱ्या, चालवू शकतो आणि शरण आलेल्यांशी केलेल्या वर्तनाचा परिणाम पुढील वेढ्यांवर धरू शकतो. त्याच वर्षी मालेगावच्या अरबांनी मे-जूनमध्ये दीर्घकाळ किल्ला लढविला आणि अखेर अटींवर तो सोडला. थाळनेरनंतर तेथील शिबंदी किती हट्टाने लढेल, हा आकडा पंचालाच ठरवावा लागतो.