किती लावलं? फूल उत्पादकांच्या मेळाव्यातला एक दिवस

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्या उधना मेन रोडच्या कडेला झेंडूचे ढीग लागतात. आपण भाव विचारतो, थोडी घासाघीस करतो, पिशवी भरतो आणि घरी येऊन तोरण ओवतो. पण हे फूल कोणी लावले, केव्हा लावले आणि आपण दिलेल्या पैशांतले त्याच्या हाती किती पडले, हा हिशेब तोरणासोबत घरी येत नाही. या हिवाळ्यात नवसारीजवळ फूल उत्पादकांच्या एका मेळाव्याला जाण्याचा योग आला, तेव्हा तो हिशेब थोडाफार समजला. तो आपल्या मंडळाच्या वाचकांना, विशेषतः माझ्या पिढीच्या वाचकांना, सांगावासा वाटतो.

माझे मामा नंदुरबारजवळ झेंडू आणि शेवंती करतात. आपल्यापैकी बऱ्याच जणांचे आजोबा ज्या ताप्ती लाइनने खानदेशातून उधन्याला आले, त्याच लाइनने मामा आदल्या रात्री आले. सकाळच्या मेमूने आम्ही नवसारी गाठली. नवसारीला कृषी विद्यापीठ आहे आणि आजूबाजूच्या गावांत लिली, झेंडू, गुलाब अशी फुलशेती बरीच आहे. मेळावा एका समाजाच्या वाडीत होता. बाहेर ठिबक, शेडनेट, पॉलिहाउसचा कागद, संकरित झेंडूची ट्रेमधली रोपे आणि खते यांचे स्टॉल, तर आत व्यासपीठ, हारतुरे आणि भाषणे. आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेसारखेच म्हणा ना!

व्यासपीठावर आणि पंगतीत

भाषणे कामाची होती. झेंडूचा शेंडा केव्हा खुडायचा, म्हणजे फांद्या वाढतात आणि फूल थोडे लांबते. तोडा पहाटेच का करायचा. फूल ओले असताना भरले तर करंडीत कसे काळे पडते. मामांनी वहीत बारीक अक्षरात सगळे टिपून घेतले.

खरा बाजार मात्र दुपारच्या जेवणात भरला. दाळ-भात, पुरी आणि उंधियूचे ताट हातात घेऊन लोक उभे होते आणि प्रत्येक घोळक्यात एकच प्रश्न होता. गुजरातीत ‘शुं भाव छे?’ आणि आपल्या अहिराणीत ‘काय भाव शे?’

या प्रश्नामागे कारण आहे. शेतकरी रात्री माल गाडीत भरतो. माल पहाटे सुरतेला किंवा दादरला पोहोचतो आणि तिथे आडत्या विकतो. भाव काय मिळाला हे शेतकऱ्याला नंतर पट्टीवर कळते. त्यातून आडत, हमाली, तोलाई आणि गाडीभाडे वजा होते. धान्य असते तर भाव पडला म्हणून पोते परत आणून ठेवता आले असते. फुलाला तेवढा वेळ नसतो. संध्याकाळपर्यंत विकले नाही तर ते उकिरड्यावर जाते. म्हणून शेजारच्या गावातल्याला परवा काय भाव मिळाला, कोणता आडत्या पट्टी वेळेवर देतो, कोण उधारी बुडवतो, ही माहिती खताच्या पोत्याइतकीच मोलाची असते. ती कुठल्या स्टॉलवर मिळत नाही, पंगतीतच मिळते.

त्याच पंगतीत कोणाच्या मुलासाठी स्थळ आहे, कोणाच्या मुलीला नवसारीला शेतकी शाखेत प्रवेश मिळाला, हेही बोलणे चालू होते. हे बोलणे धंद्यापासून वेगळे नाही. ज्याच्या घरची माणसे आपल्याला ठाऊक आहेत, त्याच्याबरोबर अर्धी गाडी भाड्याने घ्यायला माणूस कचरत नाही.

एक गोष्ट मात्र खटकली. फुले तोडायचे काम बहुतेक ठिकाणी बायका करतात, पण सभागृहात त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. मामींना का नाही आणले, असे मी विचारले. ‘आज तोडा होता,’ मामा म्हणाले.

हलणारी तारीख

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही डेडलाइनच्या नावाने रडतो. झेंडूवाल्याची डेडलाइन पाहा. दसरा 2023 मध्ये 24 ऑक्टोबरला होता, 2024 मध्ये 12 ऑक्टोबरला आणि 2025 मध्ये 2 ऑक्टोबरला. लागवडीपासून साधारण दोन महिन्यांनी झेंडू फुलावर येतो. म्हणजे दरवर्षी पंचांग पाहून उलटे मोजायचे आणि मध्ये पाऊस किती पडेल याचा अंदाज धरायचा.

मावळातल्या गुलाबवाल्यांची तारीख हलत नाही. तळेगाव दाभाडे आणि पवन मावळातल्या पॉलिहाउसमधून व्हॅलेंटाइन डेसाठी गुलाब परदेशी जातो. 14 फेब्रुवारी ठरलेली, म्हणून छाटणी डिसेंबरात आणि निर्यात जानेवारीअखेर ते फेब्रुवारीचा पहिला आठवडा. थंडी जास्त पडली तर कळी उशिरा येते, कमी पडली तर आधीच उमलते. दोन्हीकडून नुकसानच.

पण सगळ्यात मोठी अडचण हवामानाची नाही. एकाच दिवसासाठी सगळेच लावतात. मेळाव्यात भावाच्या खालोखाल विचारला जाणारा प्रश्न होता, ‘यंदा किती लावलं?’ आणि त्याचे खरे उत्तर कोणी देत नव्हते. मामांनी सरळ अर्धा आकडा सांगितला. मी पाहिले, तेव्हा ते म्हणाले, ‘समोरच्यानेही अर्धाच सांगितला असेल, मी दुप्पट धरून चालतो.’

मी इंजिनिअर आहे हे कळल्यावर दोघा-तिघांनी लगेच सांगितले, ‘भाऊ, एक ॲप बनवून दे ना.’ ॲप बनवणे अवघड नाही. त्यात खरा आकडा भरायला लावणे अवघड आहे. आकडा खरा दिला तर आपलेच नुकसान होईल, अशी भीती असेपर्यंत कुठलेही सॉफ्टवेअर उपयोगाचे नाही.

कॅफेत सुरू झालेला बाजार

ही भीती कमी करता येते, याचे उदाहरण नेदरलँड्समध्ये आहे. आल्समेरचे फूल शेतकरीही एकेकटे व्यापाऱ्यांच्या भावाने माल देत होते. 1911 च्या सुमारास ते गावातल्या कॅफेत जमले आणि स्वतःचा सहकारी लिलाव सुरू केला. गावात दोन लिलाव संस्था झाल्या आणि 1968 मध्ये त्या एकत्र आल्या. आजची रॉयल फ्लोराहॉलंड ही जगातली सर्वांत मोठी फूल लिलाव संस्थाही शेतकऱ्यांच्याच मालकीची सहकारी संस्था आहे. तिथे लिलावाच्या घड्याळाचा काटा चढ्या भावापासून खाली उतरतो. जो आधी बटण दाबतो त्याला माल मिळतो, आणि भाव सर्वांना दिसतो.

आपल्याकडे बेंगळुरूला याच पद्धतीचा लिलाव आहे. तिथे मुख्यतः गुलाबासारखी कापीव फुले विकली जातात. झेंडूच्या करंडीपर्यंत ते घड्याळ अजून पोहोचलेले नाही.

न कोमेजणारे फूल

जेवणानंतर एका शेतकऱ्याने व्यासपीठावर प्लास्टिकच्या झेंडूची माळ ठेवली. ‘ही माळ पाच वर्षे टिकते,’ एवढेच तो म्हणाला. सभागृह शांत झाले.

1 जुलै 2022 पासून देशात एकदाच वापरायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली. त्या यादीत सजावटीचा थर्माकोल आहे, प्लास्टिकची फुले नाहीत. 2024 मध्ये फूल उत्पादकांच्या संघटनेने याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. 2025 मध्ये महाराष्ट्र विधानसभेतही हा विषय आला आणि फलोत्पादन मंत्री भरत गोगावले यांनी बंदीची भूमिका मांडली. हे सगळे होण्याआधी शेतकऱ्यांना एकत्र बसावे लागले होते. एकेकट्या झेंडूवाल्याने कोर्टात काय सांगितले असते?

आपल्या सुरतेत अशा माळा मुबलक मिळतात. स्वस्त पडतात, धुऊन परत लावता येतात. घर चालवणाऱ्याने त्या घेतल्या तर मी त्याला दोष देणार नाही. पण त्या माळेची किंमत कोण मोजतो, ते माहीत असलेले बरे.

आपण काय करू शकतो

‘किती लावलं?’ या प्रश्नाची दुसरी बाजू ‘किती लागणार?’ ही आहे. त्याचे उत्तर शेतकऱ्याकडे नाही, पण आपल्याकडे आहे. उधना, लिंबायत, पांडेसरा भागातल्या मराठी मंडळांना गणपतीत, नवरात्रात आणि दसऱ्याला किती फुले लागतात, याचा अंदाज मागच्या वर्षीच्या वहीत मिळतो. यंदा गणेश चतुर्थी 14 सप्टेंबरला आणि दसरा 20 ऑक्टोबरला आहे. चार-पाच मंडळांनी मिळून जुलैपर्यंत एखाद्या शेतकरी गटाला आकडा आणि थोडा ॲडव्हान्स दिला, तर भाव आधी ठरेल. त्याला तेवढ्या मालाची खात्री राहील आणि आपल्याला ताजी फुले मिळतील. यासाठी ॲपची गरज नाही. मंडळाचा खजिनदार आणि एक फोन पुरे.

मामा पुढच्या मेळाव्याला मामींना घेऊन येणार आहेत. तोड्याचा दिवस बदलून.