शेवटचे कडवे गाळू नका

एप्रिल आला की नाशिकच्या रस्त्यांवर भीमगीते सुरू होतात आणि त्यांच्याबरोबर काही ठरलेली मतेही कानावर येतात. आंबेडकर जयंतीपुरते संगीत, सिनेमाच्या चालींवर बसवलेले शब्द, लिहिणारा कोण कुणास ठाऊक. ही मते कुठेही चुकीचीच आहेत. पण ज्या जिल्ह्याने या संगीताला भीमराव कर्डक आणि वामनदादा कर्डक दिले, त्या जिल्ह्यात ती ऐकताना जास्त वाईट वाटते.

‘ही गाणी कॅसेटच्या काळात आली’ ही सर्वात पसरलेली समजूत. प्रत्यक्षात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि त्याच दशकाच्या सुरुवातीला भीमराव कर्डक आपल्या साथीदारांसह जलसा घेऊन गावोगाव फिरू लागले. सत्यशोधकांचे जलसे त्याआधीचे. ढोलकी-तुणतुणे आणि हजरजबाबी संवाद तमाशातलेच, पण त्यातून मांडायचे ते मेलेली जनावरे ओढणे सोडा, पाणवठ्यावर हक्क सांगा, पोरांना शाळेत घाला. वर्तमानपत्र वाचू न शकणाऱ्या माणसांपर्यंत चळवळ पोहोचली ती बऱ्याच अंशी या रात्रीच्या कार्यक्रमांतून. बाबासाहेब आंबेडकरांची १३ ऑक्टोबर १९३५ ची धर्मांतराची घोषणा याच जिल्ह्यातल्या येवल्यात झाली, तेव्हा ती समजून घेणारा श्रोता जलशांनी काही वर्षे आधीपासून घडवत आणला होता. कॅसेट आली ती चार-पाच दशकांनी.

‘सगळी गाणी बाबासाहेबांच्या स्तुतीची’ असे म्हणणाऱ्याने वामनदादांचा एखादा संग्रह उघडावा. भूक, मजुरी, आई, दारूने मोडलेला संसार, सगळे त्यात भेटते. मोठ्या उद्योगपतींची नावे घेऊन देशाच्या संपत्तीतला आपला हिस्सा मागणारे गाणेही त्यांचेच आहे.

वामन तबाजी कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. पोटासाठी मुंबईला आले, मिळेल ते कष्टाचे काम केले. एकदा कुणीतरी त्यांच्याकडे पत्र वाचून घ्यायला आले आणि त्यांना ते वाचता येईना. त्या दिवशी ते रडले, मग मोठ्या वयात अक्षरे गिरवली आणि दुकानांच्या पाट्या वाचत जोडाक्षरांपर्यंत पोहोचले. १९४३ मध्ये पहिले गाणे लिहिले. पुढे हजारो गाणी आली, ‘वाटचाल’, ‘मोहळ’ असे संग्रह आले, मराठी चित्रपटांसाठीही त्यांनी लिहिले. ‘अडाण्याची तुकबंदी’ हा शेरा त्यांच्या वृत्तावरच्या पकडीपुढे टिकत नाही. त्यांनी गझलही लिहिली, आणि बोलीतला शब्द न सोडता लिहिली.

राहिला चालींचा आक्षेप. लोकप्रिय चालीवर नवे शब्द घालणे हे चळवळीच्या संगीताचे जगभरचे तंत्र आहे. चाल आधीच तोंडात असते, म्हणून शब्द एका रात्रीत पाठ होतात. ‘हम होंगे कामयाब’ ज्या इंग्रजी गाण्यावरून आले, ‘वुई शॅल ओव्हरकम’, त्याची मुळे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या भजनांत आहेत. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या चार्ल्सटनला तंबाखूच्या कारखान्यातल्या संपकरी कामगारांनी, त्यांतही मुख्यतः कृष्णवर्णीय बायकांनी, ते संपाचे गाणे केले. त्याला कुणी नक्कल म्हणत नाही.

ही तुलना काहींना ओढूनताणून आणलेली वाटते. पण ती मुळात आपल्याकडच्याच माणसांनी केली आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती नीग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाची प्रत मागितली. १९७२ मध्ये मुंबईत ‘दलित पँथर’ स्थापन झाली ती ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन. जात आणि वंश एक नव्हेत, गुलामांच्या बाजाराचा इतिहास वेगळाच आहे. साम्य आहे ते कलावंताला मिळालेल्या वागणुकीत. हलगी, सनई, ढोलकी लग्नात आणि जत्रेत हवी असे, वाजवणाऱ्याची पंगत मात्र वेगळी.

अमेरिकेत काय झाले पाहा. कृष्णवर्णीय गायक आर्थर क्रूडपने १९४६ मध्ये स्वतःचे ‘दॅट्स ऑल राइट’ ध्वनिमुद्रित केले. १९५४ मध्ये गोऱ्या एल्विस प्रेस्लेने तेच गायले आणि त्याच्या कारकिर्दीची सुरुवात झाली. क्रूडप १९७४ मध्ये वारला, त्याच्या हक्काचे बरेचसे पैसे हातात न पडता.

आपल्याकडची सर्वात घातक समजूत याच जातीची आहे: ‘ते लोकगीत आहे, कवी अज्ञात’. वामनदादांच्या अनेक गाण्यांत शेवटच्या कडव्यात ‘वामन’ ही नाममुद्रा असते. वेळ कमी म्हणून ते कडवे गाळले की कवीही गळतो, आणि पुढचा गायक ते ‘पारंपरिक’ म्हणून गातो. १५ मे २००४ रोजी वामनदादा गेले. त्यांची गाणी तोंडपाठ असणाऱ्या कितीतरी जणांना ती त्यांची आहेत हे माहीत नसते.

‘आता सगळे इंटरनेटवर आहे’ यावरही विसंबू नका. तिथे गाणे असते, गीतकाराचे नाव बहुधा नसते आणि ढोलकी कुणाची ते कधीच नसते. जलशांबद्दल आपल्याला आज जे ठाऊक आहे, त्यातले बरेचसे भीमराव कर्डकांनी १९७८ मध्ये ‘आंबेडकरी जलसे’ हे पुस्तक लिहून ठेवले म्हणून. अमेरिकेत १९४१ मध्ये अॅलन लोमॅक्स आणि जॉन वर्क हे संशोधक यंत्र घेऊन मिसिसिपीतल्या शेतमळ्यांवर गेले. तिथे त्यांनी मडी वॉटर्स या शेतमजुराचे गाणे राष्ट्रीय ग्रंथालयासाठी मुद्रित केले, तेव्हा त्याला फारसे कुणी ओळखत नव्हते. आपल्या विद्यापीठांनी आणि सार्वजनिक वाचनालयांनी सिन्नर, निफाड, येवला, दिंडोरीत असे काम हाती घ्यायला हवे.

तोवर तुमच्या घरी आजोबांची जलशाची वही असेल, जुनी कॅसेट किंवा गायन पार्टीचा फोटो असेल, तर आधी त्याची प्रत काढा. गाव, साल, गायक, कोरस, ढोलकीवाला यांची नावे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून मागे लिहा. आणि गाणे म्हणाल तेव्हा शेवटच्या कडव्यासकट म्हणा.