फोनच्या जीपीएसवर तळ्यात बोये लावता येतील का?

वॉटर स्कीचं एखादं रील तुम्ही पाहिलं असेलच. पुढे बोट सरळ रेषेत पळते, आणि मागे दोरी धरलेला माणूस एकाच स्कीवर दोन्ही पाय रोवून एकदा उजवीकडच्या, एकदा डावीकडच्या लाल चेंडूला वळसा घालत जातो. या प्रकाराला स्लालम म्हणतात आणि ते चेंडू म्हणजे बोये. आता प्रश्न असा की हे बोये पाण्यात बरोबर जागेवर लावायचे कसे? कुठल्याही सॉफ्टवेअरवाल्याला पहिली आयडिया हीच सुचेल: प्रत्येक बोयाचे अक्षांश-रेखांश काढा, फोनमध्ये पिन टाका, बोट तिथे न्या, बोया सोडा. झालं!

प्रत्यक्षात असं कोणी करत नाही. मी सध्या नोकरीसाठी अमेरिकेत मिनेसोटाला आहे. टीममधल्या दोघांकडे मिळून एक घडीचा कोर्स आहे, म्हणजे टाकायचा, खेळायचा आणि काढून घरी न्यायचा. गेले दोन उन्हाळे मी तो टाकायला सोबत जातोय. हा खेळही याच राज्यातला. 1922 साली राल्फ सॅम्युएलसन नावाच्या तरुणाने इथल्या लेक पेपिनवर लाकडी फळ्या पायाला बांधून पहिल्यांदा वॉटर स्की केली. असो. फोनची आयडिया का चालत नाही हे समजून घेतलं, की आपल्या खिशातला जीपीएस कशात हुशार आहे आणि कशात ढ, हे मस्त कळतं.

आधी आकडे

स्लालम कोर्सची लांबी 259 मीटर. क्रिकेटची खेळपट्टी सुमारे 20 मीटरची धरली, तर एकापुढे एक जवळपास 13 खेळपट्ट्या. सुरुवातीच्या गेटपासून 27 मीटरवर पहिला वळणाचा बोया, मग दर 41 मीटरला एक असे एकूण सहा, आणि शेवटच्या बोयापासून पुन्हा 27 मीटरवर बाहेर पडायचं गेट. वळणाचे बोये मधल्या रेषेपासून 11.5 मीटर लांब, एक उजवीकडे, पुढचा डावीकडे. बोटीला मधून जायला प्रत्येक वळणापाशी पिवळ्या बोयांची जोडी असते, आणि त्या दोघांत अंतर फक्त 2.3 मीटर. दोन टोकांची गेटं 2.5 मीटर रुंद. सगळे मिळून 22 बोये.

मोठ्या पुरुष खेळाडूंसाठी बोटीचा कमाल वेग ताशी 58 किलोमीटर. त्या वेगाने बोट एका बोयापासून दुसऱ्यापर्यंत अडीच सेकंदांत पोचते. तेवढ्याच वेळात स्कीवाल्याला 41 मीटर पुढे आणि 23 मीटर आडवं जायचं असतं. पायथागोरस लावून बघा: तिरकं अंतर 47 मीटर, म्हणजे वळणाचा वेळ शून्य धरला तरी त्याचा सरासरी वेग ताशी 66 किलोमीटर हवा. आणि दोरी? प्रत्येक फेरी जमली की दोरी आखूड करतात: 18.25 मीटर, 16, 14.25 असं करत खाली. 11.25 मीटरला पोचलात की दोरी बोयाच्या अंतरापेक्षाच छोटी होते. मग अख्खं अंग बोयाकडे झोकून द्यावं लागतं. अशा वेळी बोया अर्धा मीटर इकडेतिकडे असला तर आपण सुधारलो की बोया सरकला, हेच कळणार नाही.

निळा ठिपका किती खरा?

उघड्या आकाशाखाली स्मार्टफोनचा जीपीएस साधारणपणे 4.9 मीटर त्रिज्येच्या आत अचूक असतो, असं अमेरिकी सरकारची जीपीएसची अधिकृत साइटच सांगते. म्हणजे तुमचा निळा ठिपका जिथे दिसतो, त्याभोवती जवळजवळ पाच मीटरच्या वर्तुळात तुम्ही कुठेतरी आहात. बोटीचं गेट 2.3 मीटरचं. अख्खं गेट त्या वर्तुळात हरवेल!

काही जण म्हणतील, ॲपमध्ये तर दशांशचिन्हापुढे सात-सात आकडे दिसतात. दिसू देत. अक्षांशाचा पाचवा दशांश म्हणजे 1.1 मीटर, सहावा 11 सेंटिमीटर, सातवा एक सेंटिमीटर. आकडे छापणं वेगळं आणि ते माहीत असणं वेगळं. एकाच ठिकाणी शंभर रीडिंग घेऊन सरासरी काढली तरी पाहिजे तसा फायदा होत नाही. उपग्रहांचे सिग्नल वातावरणातून येताना रेंगाळतात, पाण्यावरून आणि झाडांवरून परावर्तित होतात, आणि त्यातून येणारी चूक हळूहळू सरकत राहते. पाच मिनिटांची सगळी रीडिंगं एकाच बाजूला चुकलेली असू शकतात.

सेंटिमीटरपर्यंत अचूक जीपीएसही मिळतो, त्याला आरटीके म्हणतात. त्यात किनाऱ्यावर एक स्थिर रिसीव्हर ठेवतात आणि त्याच्याशी तुलना करून चूक वजा करतात. पण तो वापरला तरी पुढची अडचण उरतेच. बोया सोडताना बोट हलत असते, आणि दोरीला टांगलेलं वजन खाली जाता जाता कुठेतरी भलतीकडेच बसतं.

मोजमाप घरी, पाण्यात फक्त ताण

घडीच्या कोर्समधली खरी युक्ती इथे आहे. पाण्यावर काहीच मोजायचं नाही. खो-खोचं मैदान दरवर्षी आखायचं असेल, तर हुशार पीटीचे सर एकदाच सुतळीवर गाठी मारून ठेवतात. पुढच्या वर्षी सुतळी ताणली, गाठीपाशी फक्की टाकली, मैदान तयार. हा कोर्स म्हणजे तीच गाठींची सुतळी, फक्त 259 मीटरची आणि पाण्याखालची. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळं गणित कंपाइल करताना झालेलं असतं, रन करताना काही ठरवायचं नसतं.

मधोमध एक मुख्य दोर असतो. त्यावर 27 आणि 41 मीटरच्या हिशोबाने कायमच्या कड्या बसवलेल्या असतात. प्रत्येक कडीला एक आडवा दांडा लागतो, बहुतेक वेळा पीव्हीसी पाइपचे तुकडे जोडून केलेला. दांड्यावर 1.15 मीटरला दोन्ही बाजूंनी पिवळे बोये आणि 11.5 मीटरला एका बाजूला वळणाचा बोया. गेटांसाठी दोन आखूड दांडे. हे सगळं बोटींच्या पंख्याला लागणार नाही इतक्या खोलीवर तरंगत ठेवायचं, आणि बोये लवचिक रबरी दोरीने वर सोडायचे.

मुख्य दोर कसला आहे, यावर सगळं ठरतं. साधा नायलॉनचा दोर ताणला की लांबतो. समजा फक्त 2 टक्के लांबला, तर 259 मीटरवर पाच मीटरची चूक. म्हणजे जीपीएसवर जी चूक नको होती, ती दोराने आणली! म्हणून न ताणला जाणारा डायनीमा किंवा पातळ स्टीलची तार वापरतात. इथे पैसे वाचवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. बोये स्वस्तातले चालतील (मऊ हवेत, कडक प्लास्टिकचा डबा कधीच नको, स्कीवाला त्यावर आदळतो), दोर नाही.

दुसरी गंमत ढिल्या दोराची. वाऱ्याने दोर मध्यभागी पाच मीटर वाकला असं धरा. दोन टोकांमधलं अंतर त्याने किती कमी होतं? फक्त 26 सेंटिमीटर. म्हणजे लांबी मोजली तर सगळं ठीक वाटतं, पण मधली गेटं पाच मीटर बाजूला गेलेली असतात आणि बोटीला केळ्यासारख्या वाटेने जावं लागतं. त्यामुळे टाकल्यावर लांबी तपासण्यात अर्थ नाही. एका टोकाच्या गेटमध्ये बोट उभी करून सगळ्या पिवळ्या जोड्या एकामागे एक दिसतात का, ते डोळ्यांनी बघायचं. या कामासाठी डोळ्यापेक्षा चांगला सेन्सर मला अजून मिळालेला नाही.

टाकायचा कसा

पहाटे, वारा उठायच्या आत. पाणी सरळ लागतं, निदान 600 मीटर तरी, कारण कोर्सच्या दोन्ही बाजूंना वेग घ्यायला आणि थांबायला जागा हवी. उत्तर-दक्षिण दिशा असेल तर सकाळ-संध्याकाळ ऊन डोळ्यांवर येत नाही. खोली साधारण सारखी असलेली बरी. इथे फोन कामी येतो: मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या लेकफाइंडरवर बऱ्याच तळ्यांचे खोलीचे नकाशे मिळतात.

पहिला नांगर टाका, त्याला ओळखीचा बोया बांधा. मग बोट हळू चालवत मुख्य दोर रिळावरून सोडत जा. दुसऱ्या टोकाला पोचल्यावर बोटीनेच दोर ताणून धरायचा आणि तसाच ताण ठेवून दुसरा नांगर सोडायचा. त्यानंतर दोर उचलत एकेका कडीपाशी दांडे आणि बोये जोडायचे. दोर हातात असताना किंवा कोणी पाण्यात असताना इंजिन बंद. न्यूट्रल नाही, पूर्ण बंद. पंख्यात दोर गुंतला तर कोर्स जातो, आणि दोरासोबत हात गेला तर काय होईल ते सांगायला नको.

पुढच्या वेळी तीच जागा शोधायला आम्ही नांगरांच्या पिन फोनमध्ये ठेवतो. त्या पाच मीटरपर्यंत नेतात. पुढचं काम जुन्या पद्धतीने: आपल्याकडचे कोळी समुद्रात किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आणून जागा ओळखतात, तसंच. आमच्या एका नांगरावर उभं राहिलं की पाण्याची टाकी बरोबर एका लाल गोदामाच्या टोकावर दिसते.

जिथे जीपीएस जिंकतो

जागा सांगताना पाच मीटर चुकणारा हाच जीपीएस वेग मात्र जबरदस्त सांगतो. कारण फोन वेग काढायला नेहमी दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजत नाही. गाडी हॉर्न वाजवत जवळून गेली की आवाजाची पट्टी बदलते ना, तसा उपग्रहाच्या सिग्नलच्या फ्रिक्वेन्सीत पडलेला फरक रिसीव्हर पकडतो. हा डॉप्लर परिणाम. त्यातून मोकळ्या जागेत वेग ताशी अर्ध्या किलोमीटरच्या आत सहज मिळतो. पुढच्या वेळी ट्रेनच्या खिडकीत बसून बघा, ठिपका शेतातून पळत असतो, पण वेगाचा आकडा बरोबर असतो.

स्कीच्या बोटींमध्ये झिरो ऑफ नावाची जी वेग सांभाळणारी यंत्रणा असते, ती जीपीएसवरच चालते. स्कीवाला दोरीला जोरात हिसका देतो, बोट हळू होऊ पाहते, तेव्हा यंत्रणा इंजिनला जोर लावायला सांगते. ताशी 58 किलोमीटरला 259 मीटर म्हणजे 16.08 सेकंद. हा आकडा माहीत असला की बोटीत बसलेला माणूस फोनच्या स्टॉपवॉचवरही ढोबळ तपासणी करू शकतो.

तळं सगळ्यांचं असतं

खासगी तळ्यावर कोर्स कायमचा ठेवता येतो. सार्वजनिक तळ्यावर मासे पकडणारे, कयाकवाले, पोहणारी पोरं, सगळे असतात, आणि त्यांना पाण्याखाली अडीचशे मीटरचा ताणलेला दोर आहे हे दिसत नाही. कुणाचा गळ अडकतो, कुणाचा नांगर. म्हणून इथे पाण्यात बोये किंवा कोर्स टाकायचा तर काउंटीच्या शेरिफची परवानगी घ्यावी लागते, आणि आम्ही तळ्यावर नसताना कोर्सही नसतो. आदल्या दिवशी पाहून ठेवलेल्या जागेवर सकाळी गळ टाकून कोणी आजोबा बसले असतील, तर आम्ही वाट बघतो. परवानगीच्या कागदाने पाणी आपलं होत नाही.

कोर्स काढल्यावरचं काम मात्र सगळ्यात कंटाळवाणं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. झेब्रा मसल नावाचा नखाएवढा पट्टेरी शिंपला जहाजांच्या पाण्यातून युरोपमधून इथे आला. अमेरिकेतल्या मोठ्या तळ्यांच्या भागात तो 1988 मध्ये सापडला, मिनेसोटात दुलुथच्या बंदरात 1989 मध्ये. तो पाइप बुजवतो, पाय कापतो, स्थानिक शिंपल्यांवर चढून बसतो, आणि एकदा तळ्यात शिरला की काढता येत नाही. त्याची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत. आता विचार करा: दोर, पोकळ पाइप, नांगर, बोये, हे सगळं या आठवड्यात एका तळ्यात आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या. त्याला प्रवासासाठी याहून चांगली गाडी मिळणार नाही.

इथल्या कायद्याने बोट तळ्यावरून नेताना पाणी सोडायचं बूच उघडं ठेवावं लागतं आणि पाणवनस्पती काढाव्या लागतात. धक्के आणि बोट उचलायचे सांगाडे एका तळ्यातून दुसऱ्यात न्यायचे असतील तर मध्ये 21 दिवस वाळवावे लागतात. आम्ही कोर्सलाही तोच हिशोब लावतो. पाइपचे सांधे सोडवून पाणी ओतायचं, दोर हाताने पुसत रिळावर घ्यायचा, नांगराचा गाळ तिथेच धुवायचा. मग सगळं गॅरेजमध्ये पसरायचं आणि फोनवर 21 दिवसांनंतरचा रिमाइंडर लावायचा. तोपर्यंत खेळायचं असेल तर त्याच तळ्यावर.