घर भाड्याने देताना : हप्ता हलका होईल, पण हिशेब आधी मांडा

नागापूरच्या एमआयडीसीत आपल्या समाजाची अनेक घरे कामगारांची आहेत. आजोबांनी पत्र्याची खोली उभी केली, वडिलांनी तिथे विटांच्या दोन खोल्या बांधल्या आणि आता मुलगा कर्ज काढून दुसरे घर घेतो आहे. ही प्रगती आहे, तिचा अभिमानच वाटला पाहिजे. पण नव्या घराचा ताबा मिळण्याआधीच बँकेचा हप्ता सुरू होतो, कंपनीतला ओव्हरटाईम बंद होतो आणि घरात बोलणे निघते : "राहते घर भाड्याने देऊ, आपण एखाद्या लहान खोलीत दिवस काढू."

हा विचार चुकीचा नाही. आम्हीही तो केला आणि ठेच खाल्ली. म्हणूनच हे चार शब्द.

हातात किती येते?

समजा, दोन खोल्यांचे भाडे ५,००० रुपये ठरले. आपण लगेच म्हणतो, वर्षाचे ६०,००० आले. पण एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत एक महिना घर रिकामे राहते, असे धरूनच चालावे. मग उरले ५५,०००. घरपट्टी-पाणीपट्टीचे ४,०००, रंग-दुरुस्तीचे ४,००० आणि कराराचा खर्च २,००० वजा करा. उरले ४५,०००, म्हणजे महिन्याला ३,७५०. आता आपण ज्या लहान खोलीत जाणार तिचे भाडे २,५०० असेल, तर हाती राहतात फक्त १,२५० रुपये!

एवढ्यासाठी म्हाताऱ्या आईला जिना चढायला लावायचा का, मुलीची शाळा लांब करायची का, हे घरातल्या सर्वांनी एकत्र बसून ठरवावे. आईवडिलांच्या किंवा भावाच्या घरी बिनभाड्याची सोय होत असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर पूर्ण घर सोडण्यापेक्षा एक खोली आपल्याला ठेवून दुसरी भाड्याने देणे पुष्कळदा जास्त फायद्याचे ठरते. भाडे कमी येते, पण आपले भाडे वाचते आणि घरावर नजरही राहते. बाहेरगावाहून कंपनीत आलेल्या एकट्यादुकट्या कामगाराला एक खोली पुरते.

आणखी एक. हप्ता भाड्यावर अवलंबून ठेवू नका. खोली रिकामी राहिली तरी बँक थांबत नाही. तीन हप्त्यांची रक्कम आधी बाजूला ठेवावी, मगच भाड्याच्या भरवशावर पुढे पाऊल टाकावे.

कागद पक्का हवा

आमची चूक इथे झाली. ओळखीतला माणूस म्हणून करार तोंडी केला. सहाव्या महिन्यात त्याचे काम सुटले, भाडे थकले आणि लाईट बिल आमच्या नावावर चढत गेले. खोली सोडायला सांगावे, तर त्याचे डिपॉझिट परत द्यावे लागणार, आणि ते तर आम्ही केव्हाच हप्त्यात घातलेले! डिपॉझिट म्हणजे आपले उत्पन्न नव्हे, ते भाडेकरूचे आपल्याकडे असलेले देणे आहे, हा धडा आम्हाला महागात पडला.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी असला पाहिजे आणि त्याची नोंदणी झाली पाहिजे. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, ही समजूत आपल्या राज्यात चुकीची आहे. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती केली नाही तर कराराच्या अटींबद्दल भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, शिवाय मालकाला शिक्षाही होऊ शकते. ही नोंदणी आता ऑनलाइन होते. करारात मुदत, भाड्याची तारीख, डिपॉझिट आणि लाईट बिल कोणी भरायचे हे स्पष्ट लिहावे. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी. घर सरकारी योजनेतून मिळालेले असेल किंवा त्यावर कर्ज असेल, तर त्याच्या अटी आधी वाचाव्यात.

दारावर जात विचारू नका

१९१७ साली बाबासाहेब परदेशातून शिकून बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले. एवढा विद्वान माणूस, पण त्यांना राहायला कोणी जागा देईना. नाव लपवून ते पारशांच्या धर्मशाळेत राहिले. तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. आजही आपल्या शिकल्यासवरल्या मुलांना शहरात खोली शोधताना आधी आडनाव विचारले जाते.

आता किल्ली आपल्या हाती आली आहे. आपल्या दाराशी उभा राहणारा कामगार मराठवाड्यातला असो की बिहारचा, कोणत्याही जातीचा वा धर्माचा असो, त्याला काम कुठे करतो आणि भाडे वेळेवर देशील का, एवढेच विचारावे. कागद पाहावेत, जात पाहू नये. ज्याने अपमान सोसला, त्याने तो दुसऱ्याच्या वाट्याला येऊ देऊ नये.

तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली. त्यांत कष्टाने मिळवलेल्या संपत्तीचे सुख आहे, तसेच ऋण नसल्याचेही सुख आहे. दुसरे घर जरूर घ्यावे, पण दुसऱ्या सुखाचा बळी देऊन पहिले मिळवू नये. आज रात्री जेवणे झाल्यावर वही काढा. एका बाजूला आवक लिहा, दुसऱ्या बाजूला जावक. नवराबायको दोघांनी मिळून लिहा. बेरीज जमली, तरच घराची किल्ली दुसऱ्याच्या हाती द्या.

जयभीम!