सूर्यास्तापूर्वीची जमा

पवनी तालुक्यातील आसगावचा परिसर धानाचा. दिवाळीनंतर मळणी सुरू होते आणि व्यापाऱ्याच्या दुकानी गर्दी वाढते. नेमक्या त्याच दिवसांत, नोव्हेंबरअखेरीस, सूर्य सायंकाळी ५.३० च्या सुमारास मावळतो. रात्रिभोजनत्यागाचे व्रत पाळणाऱ्या कुटुंबाची तेव्हा खरी परीक्षा असते. गिऱ्हाईक समोर उभे आणि घरी ताट वाढलेले!

गादीवरून उठल्यास चार पैशांचे नुकसान संभवते, हे खरे. परंतु या व्रताची जमा बाजू खतावणीत कोणी मांडत नाही. सूक्ष्म जीवांच्या रक्षणासाठी सांगितलेला हा नियम आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांना उजेडातच एका पंगतीस बसवतो. चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या हातांचे स्मरण पहिल्या घासाला व्हावे. सूर्यास्ताआधी स्वयंपाक उरकण्यासाठी धावपळ करणाऱ्या गृहिणीस 'आज भाजी छान झाली' एवढे तरी म्हणावे. जीव परस्परांच्या उपकारावरच जगतात, हा 'तत्त्वार्थसूत्रा'च्या पाचव्या अध्यायातील विचार त्या पंगतीत प्रत्यक्ष दिसतो.

क्षमायाचनेसाठी संवत्सरीचा दिवस नेमलेला आहे. ऋण मान्य करण्यासाठी तसा दिवस नाही. नवकार म्हणून ताटावर बसणाऱ्या कुटुंबास तो रोज सायंकाळी लाभतो.