निरंकचा शेरा: मावळातील चारित्र्य पडताळणी

सरकारी नोकरीत, त्यातही संरक्षण खात्यात, नेमणुकीच्या वेळी उमेदवाराची पोलीस दप्तरातील नोंद तपासली जाते. हीच चारित्र्य पडताळणी. लोणावळ्यात १९४५ पासून नौदलाची आयएनएस शिवाजी आणि शेजारी देहूरोडला ऑर्डनन्स फॅक्टरी, त्यामुळे मावळ तालुक्यातल्या घरांना ती परकी नाही. सुरुवातीच्या दशकांविषयी सांगण्यासारखे थोडेच. उमेदवाराने भरलेला साक्षांकन नमुना टपालाने पोलीस ठाण्यात येई, गोपनीय शाखेचा हवालदार रजिस्टर चाळी, पोलीस पाटलाला विचारी आणि ‘निरंक’ असा शेरा मारी. काम रखडे, पण चौकशी माणसाची होई.

चित्र पालटले ते २०११ नंतर. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला पाणी नेणाऱ्या बंद जलवाहिनीविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळातल्या बऊरजवळ मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले. पोलीस गोळीबारात तिघांचा बळी गेला आणि आंदोलकांवरही गुन्हे नोंदवले गेले. त्यांच्यातला कोणी नोकरीला उभा राहिला, तर साक्षांकन नमुन्यातला प्रश्न सरळ असतो: कधी अटक झाली आहे का, खटला प्रलंबित आहे का? रास्ता रोकोतले नाव आणि दरोड्यातले नाव त्याच रकान्यात बसते. ‘नाही’ लिहावे तर माहिती दडवल्याचा ठपका, ‘होय’ लिहावे तर फाइल अडण्याची धास्ती.

सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात क्षुल्लक गुन्हा दडवल्याकडे दुर्लक्ष करण्याची मुभा दिली, आणि उदाहरण दिले ते तरुण वयातल्या घोषणाबाजीचे. बऊरला घोषणांबरोबर दगडही होते, हे खरे. पण ज्याने फक्त घोषणा दिल्या, त्याचीही सवलत राहिली नेमणूक करणाऱ्याच्याच मर्जीवर.

त्याआधीच, २०१५ मध्ये, पोलिसांच्या गुन्हे-नोंदींची सीसीटीएनएस ही संगणकप्रणाली राज्यभर सुरू झाली होती. रजिस्टर चाळायला दिवस जात. पडद्यावर नाव क्षणात दिसू लागले. सुटकेची नोंद तेवढ्या तातडीने चढतेच असे नाही. मग वडगाव मावळच्या कोर्टातून निकालाची गोल शिक्क्याची नक्कल काढायची आणि उमेदवारानेच ती घेऊन हेलपाटे घालायचे.

ऑगस्ट २०१८ मध्ये पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय झाले. तळेगाव आणि देहूरोड ठाणी तिकडे गेली, लोणावळा आणि कामशेत पुणे ग्रामीणकडेच राहिली. नमुन्यात मागच्या पाच वर्षांतले पत्ते द्यावे लागतात. तळेगावचे बिऱ्हाड लोणावळ्याला हलवलेल्याने तालुका सोडलेला नसतो, तरी त्याचा कागद दोन कार्यालयांत फिरतो.

२०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने बोटांचे ठसे, बुबुळांच्या प्रतिमा अशी मोजमापे ७५ वर्षे जपण्याची तरतूद केली. पूर्वी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला, तर ती नष्ट करायची असतात. नमुन्यातला रकाना मात्र ‘कधी अटक झाली आहे का’ हे विचारतोच.